शिधा आणि शिदोरी

इतिहासाची साधने म्हटली की मोडी दफ्तरे, ताम्रपट, नाणी, शिलालेख आणि फार झाले तर वस्तुसंग्रहालयातील तलवारी व तोफा आपल्या डोळ्यांपुढे येतात. पत्र्याच्या डब्यात बंद केलेले शंभर वर्षांपूर्वीचे मांस, किंवा दात लावला तर दातच पडावा असे बिस्किट, यांची गणना साधनांत करावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु युरोप-अमेरिकेत असे काही छांदिष्ट लोक आहेत, की जे नेमक्या याच वस्तूंच्या मागे लागलेले असतात. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांना रणांगणावर मिळणारा तयार शिधा ते जमा करतात, आपापसांत त्याची देवघेव करतात, त्यावरील शिक्के व तारखा टिपून ठेवतात आणि मग तो रीतसर उघडून चाखून पाहतात. अमेरिकेतील अशाच एका संग्राहकाने 1863 सालचे, म्हणजे तेथील यादवी युद्धातले, बिस्किट चावून पाहिले आणि बोअर युद्धाच्या काळातील ब्रिटिश डब्यातले मांसही जिभेवर ठेवून पाहिले!

हे ऐकून कोणी हसेल, कोणी नाक मुरडील. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. पण एखाद्या छंदाला वेडाचार म्हणून मोकळे होण्यापूर्वी त्यातून काय हाती लागते ते पाहावे, असे आम्हांस वाटते. तेव्हा या छंदाचे बोट धरून आपण दोनशे वर्षांच्या सैनिकी शिध्याचा फेरफटका करू, आणि चाखणाऱ्याच्या जिभेला इतिहास कितपत कळतो व कोठे कळेनासा होतो, याचा शोध घेऊ.

प्रथम दोन शब्दांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या भाषेत शिधा आणि शिदोरी असे दोन शब्द आहेत. दोन्हींत अन्नच असते. पण शिधा मोजून दिला जातो आणि शिदोरी बांधून दिली जाते. शिधा देणारा कोठावळा असतो. त्याच्या हातात तराजू असतो व समोर यादी असते. शिदोरी देणारी घरची आई किंवा बायको असते. खाणाऱ्याला काय आवडते आणि काय चालत नाही, हे तिला ठाऊक असते. सैन्यात गेलेल्या माणसाची शिदोरी पहिल्या मुक्कामाला संपते. तेथून पुढे तो शिध्यावर जगतो. सैनिकाच्या अन्नाचा सारा इतिहास म्हणजे शिध्याला शिदोरी होता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

जुन्या काळी फौजेचे पोट मुलखावर चाले. आमच्याकडे पहिल्या बाजीरावाची एक आख्यायिका सांगतात, की बादशहाने त्याचे चित्र काढण्यासाठी चितारी पाठविला, तेव्हा तो घोड्यावर बसून, लगाम सैल सोडून, हाताने कणीस चोळून दाणे खात चालला होता. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म खरे आहे. ज्या सैन्याला शेतातल्या कणसावर भागविता येते, त्याच्या चपळाईला तोड नसते. परंतु हीच पद्धत एका जागी अडकून पडलेल्या फौजेच्या गळ्याला फास होते. 1760 च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, पानिपतावरील छावणीची रसद तुटली, आणि 14 जानेवारी 1761 रोजी मराठे लढावयास निघाले ते उपाशी पोटी निघाले. पानिपताची कारणे अनेक सांगितली जातात. त्यांत रिकाम्या पोटाचे कारण कोणालाही नाकारता आलेले नाही.

टिकाऊ अन्न बरोबर न्यावे ही कल्पना अर्थात फार जुनी आहे. रोमन शिपाई दोनदा भाजलेली कडक भाकरी बाळगीत आणि पाण्यात आंबलेल्या द्राक्षारसाचा शिरका मिसळून पीत. समुद्रावरची गलबते आणि जमिनीवरच्या फौजा शतकानुशतके अशाच कडक बिस्किटांवर जगल्या. पण मांस, भाजी, रस्सा असे ओले अन्न वर्षभर टिकविण्याची विद्या मात्र नेपोलियनच्या काळात जन्मली. निकोला आपेर हा फ्रान्समधला एक हलवाई होता. काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत अन्न घालावे, बुचाने ती घट्ट बंद करावी आणि बाटलीच उकळत्या पाण्यात ठेवावी, ही युक्ती त्याने अनेक वर्षांच्या प्रयोगांनी सिद्ध केली. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्यास 12,000 फ्रँक देऊन ती कृती पुस्तकरूपाने प्रसिद्ध करावयास लावली. अन्न का टिकते हे खुद्द आपेरला ठाऊक नव्हते. त्याची उपपत्ती पाश्चरने पुढे सुमारे अर्ध्या शतकाने लावली. त्याच 1810 साली इंग्लंडात काचेऐवजी कल्हईच्या पत्र्याचा डबा वापरण्याचे पेटंट घेतले गेले, आणि 1813 पासून लंडनच्या बर्मंडसी भागातील कारखान्यातून ब्रिटिश आरमाराला डबे जाऊ लागले.

गमतीची गोष्ट ही की, डबा आला तरी डबा उघडण्याचे हत्यार यावयास चाळीसांहून अधिक वर्षे लागली. तोपर्यंत छिन्नी आणि हातोडी हीच साधने. शिपाई संगिनीने डबा फोडीत. बंद करणाऱ्याला टिकण्याची काळजी होती, उघडणाऱ्याची नव्हती. शिध्याचा स्वभाव तो हाच!

या डब्यांनी आपले काम किती चोख केले याचा एक पुरावा प्रसिद्ध आहे. पॅरी नावाच्या दर्यावर्दीच्या 1824 च्या ध्रुवप्रदेशातील मोहिमेबरोबर गेलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा न उघडता परत आला आणि संग्रहालयात पडून राहिला. 1938 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी तो फोडला. शंभरावर वर्षे उलटली होती, तरी मांसाची स्थिती बरीच चांगली होती. ते प्राण्यांना खाऊ घातले तेव्हा त्यांना काही अपाय झाला नाही. आजच्या छांदिष्टांचे पूर्वसूरी हेच शास्त्रज्ञ होत. फरक एवढाच, की शास्त्रज्ञांनी घास प्राण्यापुढे केला. छांदिष्ट तो स्वतःच्या तोंडात घालतो. आणि येथे एक इशारा दिलाच पाहिजे. बंद डब्यातील मांसात वाढणाऱ्या एका जंतूचे विष असे असते, की त्याला वास नाही, चव नाही, आणि ते अल्प प्रमाणातही प्राण घेऊ शकते. जाणते संग्राहक फुगलेला, गंजलेला अथवा गळका डबा उघडतात तो पाहण्यासाठी, चाखण्यासाठी नव्हे. संयम नसलेल्याने या वाटेला जाऊच नये.

आता बिस्किटाकडे वळू. अमेरिकन यादवी युद्धातील, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांतील, उत्तरेकडील शिपायाचे बिस्किट म्हणजे मैदा आणि पाणी यांची सुमारे तीन इंच लांब-रुंद आणि अर्धा इंच जाड अशी फरशी होती. दिवसाकाठी अशा नऊ-दहा फरशा मिळत. जॉन बिलिंग्ज या शिपायाने 1887 मध्ये लिहिलेल्या आपल्या आठवणींच्या ग्रंथाच्या नावातच हे बिस्किट व कॉफी यांना स्थान दिले आहे; यावरून त्यांनी शिपायाच्या आयुष्यातली किती जागा व्यापली होती हे दिसते. शिपायांनी बिस्किटाला ‘किड्यांचा किल्ला’ असे नाव दिले होते. ते कॉफीत बुडवावे, वर तरंगणारे किडे चमच्याने काढून टाकावे आणि मग खावे, असा रिवाज. चाखणारा संग्राहक येथे आपल्याला खरीच मदत करतो. ग्रंथात ‘कडक’ हा शब्द वाचून आपण पुढे जातो. तो कडकपणा म्हणजे काय, हे दाताखाली बिस्किट धरणाऱ्यालाच कळते, आणि शिपाई बंदुकीच्या दस्त्याने ते का फोडीत असत हेही त्याच क्षणी उमगते.

बोअर युद्धात, म्हणजे 1899 ते 1902 या काळात, ब्रिटिश शिपायाजवळ एक आणीबाणीचा डबा असे. त्याचे दोन कप्पे; एकात वाळवून कुटलेले मांस, दुसऱ्यात कोकोचा लगदा. वरिष्ठाच्या हुकुमावाचून तो उघडावयाचा नाही, अशी सक्त ताकीद होती. म्हणजे अन्न शिपायाच्या पाठीवर. पण भूक लागली की नाही, हे ठरविणार अंमलदार! पुढे अमेरिकन सैन्याने तर याहून चतुर उपाय काढला. 1937 मध्ये कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीकडून आणीबाणीसाठी चॉकलेटची वडी करवून घेतली. वजन चार औंस, उष्मांक सहाशे, उन्हात वितळू नये अशी घट्ट. आणि चवीची अट अशी, की ती उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडीशीच बरी असावी. कारण चव चांगली असली तर शिपाई ती वेळेपूर्वीच फस्त करील. चॉकलेट मुद्दाम बेचव करण्यासाठी डोके चालविल्याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे. आमच्या मते एखादा सरकारी अहवाल जे दहा पानांत सांगणार नाही, ते या वडीचा एक तुकडा जिभेला सांगतो: शिपायाच्या सुखाचा विचार येथे झाला होता, आणि विचारपूर्वकच तो बाजूस सारला होता.

उलट दिशेचाही दाखला आहे. 1900 चे नवीन वर्ष लागताना व्हिक्टोरिया राणीने दक्षिण आफ्रिकेतील आपल्या प्रत्येक शिपायाला चॉकलेटचा डबा भेट दिला. डब्यावर राणीची छबी होती आणि तिच्या हस्ताक्षरातील नववर्षाच्या शुभेच्छा होत्या. हा सरकारी कोठारातला शिधा नव्हता. शिदोरीचा आव आणलेला तो शिधा होता. आणि शिपायांनी तो शिदोरी म्हणूनच स्वीकारला. कित्येकांनी चॉकलेट न खाता डबा तसाच घरी पाठविला. 2021 मध्ये इंग्लंडमधील ऑक्सबर्ग हॉल या जुन्या वाड्यात शिरस्त्राण ठेवण्याच्या पेटीत असा एक डबा सापडला. आत एकशे एकवीस वर्षांपूर्वीचे चॉकलेट शाबूत होते. उपाशी राहणाऱ्या माणसाने खाण्याची वस्तू न खाता जपून ठेवली, याहून तिच्या मोलाचा दुसरा पुरावा कोणता?

पहिल्या महायुद्धात तर शिपायांनी शिध्यालाच शिदोरीची उलटी वाट दाखविली. खंदकात मिळणारी बिस्किटे इतकी टणक होती, की काहींनी त्यांवर शाईने मजकूर व पत्ता लिहून ती पत्रासारखी टपालाने घरी धाडली, तर काहींनी बिस्किट मधोमध कोरून त्याची चौकट केली आणि आपली तसबीर तीत बसविली. अशी बिस्किटे लंडन व कॅनबेरा येथील युद्धसंग्रहालयांत जपून ठेवली आहेत. घरून शिदोरी येत नव्हती. तेव्हा शिपाई शिधाच घरी पाठवीत होता, आणि थट्टेच्या आवरणाखाली सांगत होता, की पाहा, आम्ही काय खातो ते!

येथवर चाखणाऱ्या जिभेने आपली सोबत केली. आता अशा एका स्थळी जावयाचे आहे, की जेथे तिची मती गुंग होते. ते स्थळ म्हणजे मेसोपोटेमियातील, आजच्या इराकमधील, तैग्रिस नदीवरचे कुत-अल-अमारा. जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहावी डिव्हिजन तेथे 7 डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली. या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन असे होते. तीत 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. देशावरची आणि कोकणातली शेतकऱ्यांची मुले त्या नदीकाठच्या चिखलात साडेचार महिने अडकून पडली होती.

धान्य सरत चालले तेव्हा तोफा ओढणारे घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यास सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, ते नाकारले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून संकटकाळी सूट असल्याचे निरोप बिनतारी यंत्राने मागविले गेले. तरी शिपाई बधेनात. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, आपल्याला पंक्तीला बसवतील का, मुलाबाळांची लग्ने कशी होतील, ही धास्ती तुर्कांच्या गोळ्यांहून मोठी ठरली. आज आपण याला भाबडेपणा म्हणू. पण ज्याला परत त्याच गावात जाऊन त्याच पंक्तीत बसावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने तो पोक्त हिशेब होता. परतीची आशा त्याने सोडली नव्हती, असाही त्याचा अर्थ होतो.

या वेढ्यातून पोषणशास्त्राला एक विलक्षण धडा मिळाला. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचे ताजे मांस मिळे. त्यांच्यात बेरीबेरी हा रोग पसरला, पण स्कर्व्ही फारशी झाली नाही. हिंदी शिपाई कोंड्यासकटचा आटा खात. त्यांना बेरीबेरी झाली नाही, पण मांस व भाजीपाला नसल्याने हिरड्या सुजविणाऱ्या स्कर्व्हीने त्यांना गाठले. पुढे गोऱ्यांनाही आटा देण्यात आला तेव्हा त्यांची बेरीबेरी हटली. जीवनसत्त्व ही कल्पना त्या वेळी अवघी चार-पाच वर्षांची होती. तिची साक्ष एका वेढ्यातील दोन पंक्तींनी दिली.

एप्रिल उजाडला. विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली; वेढ्यातल्या फौजेला आकाशातून अन्न पुरविण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होता. पण तेवढ्याने हजारो पोटे भरणे शक्य नव्हते. 24 एप्रिलच्या रात्री 270 टन सामग्री घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही आगबोट वाटेतच तुर्कांच्या हाती पडली. अन्न अगदीच संपू लागले तेव्हा कित्येक हिंदी शिपायांनीही अखेर घोड्याचे मांस पत्करले. परंतु तोवर अंगातली ताकद गेली होती. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजारांची फौज शरण गेली. पुढे वाळवंटातून झालेल्या पायपिटीत व कैदेत त्यांतले हजारो लोक मेले.

आता आमचा प्रश्न असा आहे. कुतमधील शिधा एखाद्या संग्राहकाने कसा गोळा करावा? तेथला खरा शिधा म्हणजे नाकारलेला घास. तो डब्यात मिळत नाही. घोड्याचे मांस युरोपात आजही अनेक ठिकाणी विकत मिळते. ते चाखणाऱ्याला त्याची चव कळेल, पण सातारा-रत्नागिरीकडच्या त्या शिपायाला ते दूर लोटताना काय वाटले, हे कोणत्या जिभेला कळणार? तराजूच्या हिशेबाने तो घास योग्य होता. उष्मांक होते, रोग टाळण्याचा गुणही होता. नव्हती ती एकच गोष्ट: त्या माणसाला काय चालते, याचा आधीपासून केलेला विचार. 1914 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर हिंदी शिपायांसाठी आटा, डाळ, तूप, गूळ आणि जिवंत बकरी यांची व्यवस्था होऊ शकली होती, बकरी कापण्याच्या निरनिराळ्या रीतीही सांभाळल्या गेल्या होत्या. याचा अर्थ असा विचार करता येत नव्हता असे नाही.

दुसऱ्या महायुद्धात शिध्याचे शास्त्र फार पुढे गेले. अन्सेल कीज या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने अमेरिकेने तयार केलेला ‘के’ शिधा तीन वेळांच्या तीन पुड्यांत मिळे. दिवसाचे जवळजवळ तीन हजार उष्मांक त्यात होते. तो थोड्या दिवसांपुरता आखलेला होता. परंतु 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात मेरिल यांच्या सुमारे तीन हजारांच्या तुकडीला महिनोन्‌महिने त्यावरच काढावे लागले. शिपाई कंटाळून अर्धे जिन्नस फेकून देत. लिंबाच्या सरबताची भुकटी तर, जिच्यात जीवनसत्त्व होते तीच, इतकी आंबट की तिने भांडी घासावी! कागदावर पुरेसा असलेला शिधा पोटात पुरेसा नव्हता, कारण तो पोटात जातच नव्हता. रोगराई आणि उपासमारीने त्या तुकडीची दुर्दशा झाली.

हा धडा पुढच्या पिढ्यांनी थोडाफार घेतला. 1981 पासून अमेरिकन सैन्यात डब्यांऐवजी लवचिक पिशव्यांतले जेवण आले. एका जेवणात सुमारे साडेबाराशे उष्मांक, आणि पाणी ओतताच आपोआप तापणारी पिशवीही पुढे त्यात आली. निरनिराळे चोवीस प्रकार, तिखटाची बाटली, शाकाहारी जेवण, असा थाट झाला. फ्रेंच शिध्यातले मांसाचे पदार्थ संग्राहकांत आवडीने खाल्ले जातात, आणि इटालियन शिध्यात मद्याची लहानशी पुडी असते. आपल्या देशात मैसूर येथे 1961 मध्ये संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. टिकाऊ चपाती, नुसती गरम करून खाता येईल अशी डाळ, भाजी व पुलाव यांवर तिने काम केले. 1984 मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्याबरोबर याच प्रयोगशाळेचे पदार्थ होते. सियाचीनच्या बर्फात उभ्या असलेल्या जवानाच्या हातात पुडीतून निघालेली चपाती येते, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. ती चपाती घरच्यासारखी लुसलुशीत नसेल; पण ती चपाती आहे. कोणीतरी तराजू क्षणभर खाली ठेवून, या माणसाला काय लागते असा प्रश्न विचारला, त्याचे ते उत्तर आहे.

चाखण्याच्या छंदाविषयी आमचे मत आता सांगतो. हा छंद व्यर्थ नाही. तो आपल्याला शिधा देणाऱ्याचे मन अचूक दाखवितो. बेचव केलेली वडी, हुकुमावाचून न उघडणारा डबा, आपोआप तापणारी पिशवी. प्रत्येकात सरकारने आपल्या शिपायाकडे कोणत्या नजरेने पाहिले ते बंद करून ठेवलेले असते, आणि झाकण निघाले की ते बाहेर येते. परंतु शिधा खाणाऱ्याचे मन त्यात सापडत नाही. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, असे आपल्याकडे म्हणतात. संग्राहकाजवळ तो कोंडा असतो, भूक नसते. दोन वेळा जेवून, दिव्याच्या उजेडात, काट्याने घेतलेला घास आणि चिखलात कुडकुडत, उद्याची शाश्वती नसताना घेतलेला घास, हे एकाच डब्यातले असले तरी एक नव्हेत.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत सैन्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी येथील कित्येक गावांत घरटी एक माणूस पलटणीत गेलेला आढळतो. त्यांनी कोणती लढाई लढली, हे आपण त्यांना विचारतो. काय खाल्ले, काय टाकले, घरच्या कोणत्या पदार्थाची आठवण काढली, हे विचारीत नाही. डबे जपण्याचे काम संग्राहक करीत आहेत. ही भूक टिपून ठेवण्याचे काम आपले आहे. ते वेळेवर झाले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती शिधा लागेल, आणि शिदोरी हरवलेली असेल.